एकच कडी

हिंडलग्याहून सकाळच्या बसला तो माझ्या शेजारी बसायचा. बेळगावातल्या एका कारखान्यात तो लेथवर पोलादी कड्या कातायचा. बोलता बोलता पुढच्या सीटच्या दांडीवरून, माझ्या डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, “ह्याच्या मापात लई फरक सोडलाय बघा, अण्णा.” अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातचा एकही नग परत आला नव्हता.

एकदा त्यानं मोबाइलवर कुठल्याशा युद्धाचा व्हिडिओ मला दाखवला. पडलेल्या शाळेच्या ढिगाऱ्यात तोफगोळ्याचा तुकडा होता आणि त्यावर एक कडी.

“ही आमचीच हाय,” तो हळूच म्हणाला.

मी म्हटलं, “तिथं दोन बड्या देशांची चढाओढ चाललीय. दोन्ही बाजूंना शस्त्रं तेच पुरवतात.”

“मग आमची कडी कुठल्या बाजूला जाती?”

त्यानं हेच कारखान्यातल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, “ड्रॉइंग बघ आणि काम कर.”

पुढच्या आठवड्यात त्यानं जाणूनबुजून एक कडी केसभर जादा कातली. तपासणीत ती बाद होऊन भंगारात गेली. शेजारच्या मशीनवाल्यानं जेवणाच्या सुट्टीआधीच तिच्या जागी दुसरी करून दिली. हे सगळं त्यानं मला बसमध्ये, मान खाली घालून सांगितलं.

“एकच का बिघडवलीस?” मी विचारलं.

“दुसरी बी बिघडवायची व्हती, अण्णा. पण हातच ऐकंना. ती बरोबरच झाली.”