चौगुले सर आणि पहिली ओळ

सहावीत असताना मी अंबाबाईला नवस बोलले होते. "आई, मला समूहगीतात घेऊ दे, पाच शुक्रवार उपास करीन." गाणं शिकवायला चौगुले सर होते, आणि माझा आवाज घरच्यांच्या मते कुरकुरणाऱ्या दारासारखा होता. निवडीच्या दिवशी मी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या, सरांनी वहीत नाव लिहिलं, आणि मी लगेच पहिला शुक्रवार धरला.

मधल्या सुट्टीत मी डबा उघडत नाही हे सरांनी बघितलं. मी खरं काय ते सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला.

"अगं सुनंदे, मी कुणालाच काढत नाही. सगळीच्या सगळी घेतलीत. देवीला कशाला उगाच त्रास दिलास?"

पण बोललेला नवस फेडायला तर हवाच. उरलेले चारही शुक्रवार मधल्या सुट्टीत सरांच्या खिशातून माझ्यासाठी राजगिऱ्याचा लाडू निघायचा.

सर जाऊन आता दोन महिने होतील. माणूस असताना त्याचे किस्से कुणी गोळा करत नाही. गेल्यावर मात्र ते पाहुण्यांसारखे येत राहतात. एकाला चहा देऊन वाटेला लावावं, तोवर दुसरा दारात उभा. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तर महिनाभर दुसरं काही नव्हतं.

त्यातच सरांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा फोन आला. सरांनी त्यांना दवाखान्यात सांगून ठेवलं होतं: "माझ्या मागं भाषणं नकोत. शाळेत जमा आणि आपली प्रार्थना म्हणा. पहिली ओळ एकट्या सुनंदानं म्हणायची, मग बाकीच्यांनी." सभा पुढच्या रविवारी होती.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी तेवीस वर्षं चारचौघांत गायले नव्हते. घरी देवापुढंसुद्धा पोथी मनातल्या मनात वाचते.

माझी वर्गमैत्रीण शमीम हिचं शिवणाचं दुकान आहे. मी तडक तिच्याकडं गेले.

"सरांनी चेष्टा केली असंल का गं?"

"दवाखान्यात पडून कोण चेष्टा करतंय?" ती मशीन न थांबवता म्हणाली. "तू म्हणायचीस. न्हाय म्हणालीस तर काकूंना काय तोंड दाखवणार हायस?"

तो सगळा आठवडा मी रोज दुपारी तिच्या दुकानात जाऊन बसले. सराव करायला म्हणून जायची आणि किस्से सांगून परत यायची.

*

सरांचं गाव मलकापूरच्या पुढं. घरी भातशेती. थोरला मुलगा शेत सोडून कोल्हापुरात काय करतो हे बघायला सरांचे वडील एकदा शाळेतच आले. डोक्याला पटका, हातात काठी. हेडमास्तरांनी त्यांना आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. सर पेटी वाजवत होते, आम्ही गात होतो. पूर्ण तास त्यांनी बघितला.

तास संपल्यावर त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "दिवसभर ह्येच करतोय?"

"हो."

"आन ह्याचा पगार देतासा?"

"देतो की."

वडिलांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग हेडमास्तरांच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "मग त्याला जरा मोठ्यानं गायला लावा. लय हळू गातोय."

हा किस्सा सर स्वतःच सांगायचे, अगदी वडिलांच्या आवाजात. सांगून झाल्यावर त्या दिवशी खरंच मोठ्यानं गायचे.

*

शाळेची पेटी जुनी होती. तिची एक पट्टी मुकी झाली होती, दाबली तरी नुसती हवा यायची. दुरुस्तीचा अर्ज सरांनी किती वेळा दिला कोण जाणे. शेवटी त्यांनी आम्हालाच कामाला लावलं. "जिथं पेटी गप्प बसेल तिथं तुम्ही जोर लावा. तेवढा सूर तुमचा."

आम्ही लावला. इतका लावला की तो सूर आला की शेजारच्या वर्गातली मुलंही फळ्याकडून वळून बघायची. दोन वर्षांत आम्हाला ती सवय झाली.

मग आंतरशालेय स्पर्धा आली. दुसऱ्या शाळेचा हॉल, नवी कोरी पेटी, सगळ्या पट्ट्या वाजणाऱ्या. सर वाजवायला बसले, आम्ही चाळीसजणी उभ्या. गाणं छान सुरू झालं. तो सूर आला. पेटीनं तो वाजवला आणि आम्ही चाळीसजणींनी सवयीनं, पोटातून, अंगातली सगळी ताकद लावून तो हाणला. पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. तो सूर गाण्यात अकरा वेळा येत होता.

नंबर अर्थातच आला नाही. बसमध्ये आम्ही मान खाली घालून बसलेल्या. सर मात्र खिडकीशी बसून हसत होते, खांदे हलेपर्यंत.

"परीक्षक काय म्हणाल्या माहिती हाय? बाकी सगळं ठीक, पण एका सुरावर तुमच्या मुलींचा फार विश्वास आहे."

*

निवृत्तीनंतर सर दर गुरुवारी गल्लीतल्या गिरणीत दळण घेऊन जायचे. डबा रांगेत ठेवायचे आणि गिरणीच्या घरघरीवर डोळे मिटून गुणगुणायचे. एकदा मध्येच उठले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "तुमचा पट्टा सैल झालाय. सूर उतरलाय."

गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला, आधीच रांगेनं वैतागलेला. म्हणाला, "सर, दळण घ्या आन जावा. इथं गव्हाचं पीठ मिळतंय, सुराचं न्हाय."

त्याच दिवशी संध्याकाळी पट्टा निसटला. गिरणी दोन दिवस बंद.

पुढच्या गुरुवारी सर डबा घेऊन गेले तर गिरणीवाल्यानं स्वतः स्टूल पुसून दिलं. रांगेतली माणसं पुढं सरकून बघायला लागली. त्यानं गिरणी सुरू केली, सरांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला आणि विचारलं, "सर, आज कसं काय हाय?"

सरांनी नीट ऐकलं. "चालू द्या."

मग कुठं त्यानं पहिला डबा ओतला. पुढं कित्येक वर्षं गुरुवारची गिरणी सरांनी मान हलवल्याशिवाय दळायची नाही.

*

आता माझं. लग्नानंतरचा पहिला गणपती. सासरी भरलेलं घर. मी हौसेनं, माहेरच्या सवयीनं, आरती मोठ्यानं म्हटली. माझी नणंद हसून म्हणाली, "वहिनी, जरा दमानं. विसर्जनाच्या आधीच उठून जाईल की गणपती." सगळे हसले. नणंदेच्या मनात काही नव्हतं, आजही ती माझ्यावर जीव टाकते. पण माझा आवाज त्या दिवशी आत गेला, तो गेलाच. तेव्हापासून मी घंटा वाजवते आणि ओठ हलवते. सोळा सोमवार केले, वैभवलक्ष्मी केली, प्रत्येक उद्यापनाची आरती ओठांवरच.

एका वर्षी सर दर्शनाला आले. नेमकी आरतीची वेळ. प्रसाद घेतला, सासूबाईंशी बोलले, माझ्या मोदकांचं कौतुक केलं. मी सोडायला दारापर्यंत गेले. चपला घालता घालता ते म्हणाले, "सुनंदे, ओठ हलत होते. आवाज कुठं ठेवलास?"

"सर, लोक हसतात."

"हसू देत की. हसणारं माणूस उठून जात न्हाय. बसून ऐकतंय."

मी मान हलवली. पुढच्या वर्षीही घंटाच वाजवली. सर पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले.

*

शनिवारी शमीमनं मशीन बंद केलं. "आता एकदा म्हणून दाखव."

मी म्हटलं. ती कात्री उचलून कापड कापायला लागली.

"कसं झालं?"

"सरांनी सांगितलंय न्हवं," ती म्हणाली. "मग मी कोण बोलणारी?"

*

रविवारी शाळेचा हॉल भरलेला होता. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी वर्गांची माणसं, कुणी पोराबाळांसकट. पुढं सरांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. काकू पहिल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत माझी नणंद, मुद्दाम इचलकरंजीहून आलेली. तिला बघून मी नजर फोटोकडं वळवली.

आताच्या संगीत शिक्षिका तरुण आहेत. त्यांनी पेटीवर सूर दिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी देवीचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

मी फार वर धरलं. माझं मलाच कळलं. बाईंनी घाईनं पट्ट्या शोधत मला गाठलं. दुसऱ्या ओळीला सगळा हॉल उठून माझ्यामागं गायला लागला, तिसरी ओळ वर चढली, आणि तिथं माझा आवाज पोचेना. चारशे माणसं गात असताना मी मध्येच, ओळीच्या अर्ध्यात, सरळ खाली उतरले.

मला वाटलं, संपलं सगळं.

पण हॉल थांबला नाही. माझ्यापाठोपाठ पहिली रांग उतरली, मग दुसरी, मग सगळेच, जिना उतरल्यासारखे. पेटीवाल्या बाईंनी दोनदा आम्हाला शोधलं, मग भाता मिटला, हात मांडीवर ठेवले आणि त्याही गायला लागल्या. माझी नणंद डोळे मिटून, खणखणीत आवाजात, माझ्याच चुकलेल्या सुरात गात होती. पेटीशिवाय सगळी प्रार्थना झाली. शेवटच्या ओळीनंतर खाली बसायचं कुणाला सुचेना, म्हणून आम्ही ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

नंतर मी काकूंच्या पाया पडले. "काकू, चुकलं हो."

काकूंनी माझा हात धरून ठेवला. सर गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"चुकलीस की. पण सगळ्यांना घेऊन चुकलीस."

आज संध्याकाळी तुमच्या घरी दिवा लागेल, आरती होईल. मागं उभी राहून नुसते ओठ हलवणारी कुणीतरी असेलच. आज तुम्ही जरा थांबा, आणि पहिली ओळ तिला म्हणू द्या.