मांडीवरची बरणी आणि दोन सिलेंडरची गाडी

मागच्या रविवारी सकाळी गेवराईहून मांजरसुंब्याला गेलो... मुलीच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर दुधाची बरणी धरून. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. बघू देत.

आमची मुलगी मित्रा सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. स्वतःच्या पगारातून तिनं लांबच्या प्रवासाची, दोन सिलेंडरची गाडी घेतली. आता म्हणते, सुट्टी टाकून कन्याकुमारीला जाणार... एकटी. वर असंही म्हणाली, "आप्पा, तुमी नको म्हणलात तर न्हाई जायची." झालं, सगळा भार माझ्यावर आला आणि माझी झोप उडाली.

मला रस्त्यापेक्षा इंजिनाची भीती जास्त. दुष्काळाच्या वर्षांत मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचे कॅन मोटारसायकलवरून गेवराईच्या केंद्रावर पोचवायचो. ती गाडी एका सिलेंडरची. उतरल्यावर कितीतरी वेळ हातांना मुंग्या... कधी कधी ब्रेक दाबला की नाही हेच बोटांना कळायचं नाही. पोरीचे हात वाटेत असे बधिर झाले तर?

तेव्हा चारा नव्हता, जनावरं आटली होती, त्यामुळे कॅन कधी पूर्ण भरायचेच नाहीत. अर्ध्या कॅनमधलं दूध हिंदकळायचं, त्यात इंजिनाची थरथर. केंद्रावर झाकण उघडलं की वर लोण्याचे कण तरंगत असायचे... खालच्या दुधाची फॅट कमी लागायची आणि बोलणी मी खायचो. म्हणून गाडी किती हादरते हे मी दुधावरूनच ओळखतो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला दुसरं माप माहीत नाही.

तर मी अट घातली. म्हशीचं कच्चं दूध अर्धी बरणी न्यायचं, मांजरसुंब्याला झाकण उघडायचं. लोणी निघालं तर कन्याकुमारी रद्द. मित्रा फक्त हसली. वाद घातला नाही, याचीच मला जास्त काळजी वाटली...

निघताना तिनं समजावून सांगितलं. दोन पिस्टन एकमेकांचा धक्का जिरवतात, आणि जो उरतो तो मोडायला आत एक वजनाचा दांडा उलटा फिरतो. मी मान हलवली. इंजिनाच्या आत कोण बघायला जातं?

गेवराई सोडली, गाडी वेगात आली, आणि मला एकदम पायाखाली काहीच जाणवेना. मी घाबरून तिचा खांदा हलवला, "माय, इंजिन बंद पडलं का काय?" ती म्हणाली, "बंद पडल्यावर गाडी एवढी पळंल का, आप्पा?" पुढे एका वेगाला फूटरेस्टमध्ये बारीक झिणझिण लागली. मी लगेच ओरडून सांगितलं... तिनं गिअर बदलला आणि तीही गेली. मला थोडं वाईटच वाटलं.

मांजरसुंब्याच्या धाब्यावर उतरलो आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. वर लोण्याचे कण! धाबेवाला वाकून बघत होता. मी म्हणालो, बघा, मी सांगत होतो. मित्राचा चेहरा मात्र तसाच शांत.

ती गाडीकडे गेली. मागे बोल्टनं घट्ट बसवलेला सामानाचा डबा उघडून तिनं दुसरी बरणी काढली. त्याच म्हशीचं दूध, तेवढंच अर्धं. खाली ना टॉवेल, ना फडकं... मी हात घालून तपासलं. झाकण उघडलं. दूध जसंच्या तसं, कण नाही.

"लॅबमधी एकच नमुना घिऊन कुणी निकाल देत न्हाई, आप्पा," एवढंच ती म्हणाली.

मग धाबेवाल्यानं विचारलं, की काका, तुम्ही बरणी धरली होती कशी? मी करून दाखवलं... स्पीडब्रेकर दिसला की बरणी वर उचलायची, ट्रक आला की छातीशी धरायची, आणि मधल्या वेळात झाकण घट्ट आहे ना म्हणून हलवून बघायची. तो म्हणाला, "काका, गाडीपेक्षा तुमीच लई हलताव." सगळा धाबा हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

माझ्या दुधाचा त्यानं चहा केला. कप हातात घेऊन मित्रानं विचारलं, "मग, जाऊ का?" जा म्हणालो. पण रोज संध्याकाळी फोन करायचा, दर तासाला थांबायचं, पाणी... ती "हो" म्हणत गेली आणि मी सांगत गेलो. आजूबाजूचे लोक ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं.

आज सकाळी ती निघाली. तिच्या आईनं ओवाळलं, मी टायर तीनदा दाबून पाहिले. गाडी वळणापलीकडे गेल्यावर नुसता आवाज येत राहिला, एकसारखा... आणि मग तोही नाही.

काळजी गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. हे लिहितानाही फोन शेजारी आहे. पण सकाळी समोरच्या गल्लीतल्या बाईंनी विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीवर कोण पोरगा गेला हो? मी म्हणालो, पोरगा नाही... आमची मित्रा आहे. कन्याकुमारीला चाललीय.