ताट धुऊन पिणारा म्हातारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? सुरुवात केली आहे खरी, पण मुद्द्यापर्यंत पोचेन की मध्येच गाळण उडेल, याचीच धास्ती आहे. मधेमधे भरकटलो तर सांभाळून घ्या.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि दर शुक्रवारी ‘चोखंदळ’ या टोपणनावाने सिनेमाची परीक्षणं लिहायचो. हा चोखंदळ कोण, हे कचेरीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरी तर नाहीच. पेठेत आमचं भुसाराचं दुकान होतं. पोरगा गादीवर न बसता पेपरात गेला, याचंच अप्पांना — माझ्या वडिलांना — वाईट वाटायचं. त्यात तो सिनेमे बघत हिंडतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा एक मराठी चित्रपट आला. नाव सांगत नाही. तो काढणाऱ्यांना माझा आधीच पुरेसा त्रास झाला आहे. सगळा सिनेमा एका घराच्या जेवणांवर होता. भाऊ वेगळे निघतात, पण बापाची एक अट असते, वर्षभर दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं. भांडणं, रुसवे, लग्नाची बोलणी, सगळं ताटावर. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांचं एकमत नव्हतं. काहींनी डोक्यावर घेतला, काहींनी लिहिलं की तीन तास नुसतं खाणंच दाखवलंय. मला? मला आवडला होता. खूप आवडला होता — हे आधीच सांगून टाकतो.

त्यात एक प्रसंग होता. जेवण झालं की म्हातारा बाप ताट बोटाने निपटतो, त्यात तांब्यातलं पाणी ओततो, ताट खळबळतो आणि ते पाणी पिऊन टाकतो. आम्हा लिंगायतांच्या घरांत जुनी माणसं असंच करतात. लिंगपूजा करून जेवायला बसायचं. ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कणही मोरीत जाता कामा नये. अप्पा रोज करायचे.

पत्रकारांसाठीच्या खेळाला संपादक माझ्या शेजारी बसले होते. ते पुण्याचे. माझ्यावर त्यांचा लोभ होता आणि मला वरची जागा मिळणार अशी कुजबुज होती. तो प्रसंग आला तसं त्यांनी तोंड वाकडं केलं आणि विचारलं, असं कुणी करतं का हो कुठे? मी म्हणालो, छे. बस, एवढंच. पण एकदा छे म्हटल्यावर पुढे काय लिहिणार? ‘ताट धुऊन पिणारा हा म्हातारा दिग्दर्शकाने कुठल्या जंगलात पाहिला?’ असं लिहिलं. किळस हा शब्द दोनदा वापरला. संपादकांनी पाठ थोपटली. सिनेमा आठवड्यात उतरला. माझ्यामुळे उतरला का, ते मला कधीच कळणार नाही.

पण सांगायचं आहे ते हे नाही. एवढंच असतं तर कधीच सांगून मोकळा झालो असतो.

अप्पा जन्मात दोन-तीनदा थिएटरात गेले असतील. पण पडद्यावर आपल्यासारखा जेवणारा म्हातारा दाखवलाय, हे पेठेत कानावर आलं तेव्हा ते अव्वाला — माझ्या आईला — घेऊन मॅटिनीला गेले आणि हरखून परत आले. दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होते. मग शुक्रवार आला. दुपारी दुकानातून आले ते बगलेत पेपर घेऊनच. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

“तुज्याच पेपरात हाय की. कोन हाय ह्यो?”

पुण्याचा आहे एक जण, मी म्हणालो. मला वाटलं चिडतील, शिव्या घालतील. अप्पांनी पेपराची नीट घडी घातली.

“मग त्येला ठाव नसंल. जेवायला आण की येक दिवस. बघू दे.”

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. सोमवारी आण म्हणाले, गोडाधोडाचं असतं. अव्वा शेंगांच्या पोळ्या करायचं ठरवून बसली. मी कधी सांगायचो तो गावाला गेलाय, कधी आजारी आहे. अप्पा मान हलवायचे आणि पुढच्या सोमवारी परत विचारायचे. त्यांनी ताटात पाणी ओतलं की मी दाराकडे बघायचो. कचेरीतलं कुणी ज्वारी घ्यायला दुकानात आलं आणि बोलता बोलता चोखंदळ कोण ते सांगून गेलं तर? ज्याला ते बोलावत होते तो रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होता.

दोन महिन्यांनी एका सोमवारी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार झाले. मीच येतो तुझ्या कचेरीत, म्हणाले, मोठ्या माणसानं बोलावलं की येईल तो. ते दारापर्यंत पोचले होते. आणि मी म्हणालो — हेच ते — मी म्हणालो, “मी विचारलं त्याला, अप्पा. असल्या घरात माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणाला.”

त्यांनी एका पायात चप्पल घातली होती. ती काढली. टोपी खुंटीला अडकवली.

त्या दिवसापासून अप्पा आमच्या पंगतीला बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की आत भिंतीकडे तोंड करून एकटे जेवायचे. ताट धुऊन पिणं सोडलं नाही, पण कुणी आत आलं की त्यांचा हात थांबायचा. मला वरची जागा मिळाली, लग्न झालं. सुनेला त्यांनी ते कधी दिसू दिलं नाही. हे काय चालवलंय, म्हणून अव्वाने एकदा विचारलं, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. मला ऐकू आलं.

“पोराची हापिसातली मानसं येत्यात घरी. त्येला खाली बघाय लागू न्हाय.”

अकरा वर्षं ते असे जेवले. चोखंदळ कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुण्याचा कुणी माणूस नव्हताच. अप्पांच्या घरात जेवायची किळस कुणालाच आली नव्हती. ते वाक्य मी तयार केलं होतं, आणि म्हणालो तेव्हा नुकताच पोटभर जेवून उठलो होतो.