ठकूचा अंगठा

दुपारी जेवण झालं की मी आडवी होते. झोप लागतेच असं नाही. पंखा घरघरत असतो, कान जागे असतात, डोळे तेवढे मिटतात. आज उशाखाली मंदा ठेवून गेलेला कागद आहे, म्हणजे आज झोपेचं नावच नको, असं मी स्वतःला बजावते. तेवढ्यात पलंगाच्या पायथ्याशी ठकू बसलेली दिसते.

ठकूला जाऊन अडतीस वर्षं झाली. मी म्हातारी झाले, ती आहे तशीच, सव्वीस वर्षांची, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"तू कशी गं आलीस?"

"तुम्हीच बोलावलं न्हवं, बाई? अंगठा द्यायला."

काल तिची थोरली, मंदा, आली होती. ती आता आशाताई आहे. पाळणा लांबवायची सुई तिच्या गावात द्यायचीय, आणि आधी बायांना सगळं समजावून त्यांचा होकार घ्या, असं तिला शिकवलंय. कुठून तरी आईच्या त्या वेळच्या होकाराच्या फॉर्मची झेरॉक्स तिनं मिळवली. म्हणाली, "मावशी, आजी मरेपर्यंत म्हणायची, तुझ्या आईनं कुणाला न विचारता सुई घेतली न् जीव घालवला. आई खरंच हो म्हणाली होती का?"

मी म्हटलं, "हो गं. हा काय तिचा अंगठा."

चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मला इतक्या सफाईनं खोटं बोलता येतं.

पलंग आता आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर आहे. समोर बायांची रांग. टेबलावर कापूस, स्पिरिट, शाईचं पॅड. मी नर्सच्या पांढऱ्या साडीत, तिशीतली, भलतीच घाईत. ठकू पुढं येते.

"कसली सुई, बाई?"

"तीन महिन्यांची. दिवस राहात नाहीत."

"ह्याच्या आदी दिली का कुणाला?"

"पुष्कळ जणींना," मी म्हणते. हे औषध अजून तपासून बघतायत, हे मला माहीत आहे. मोठ्या साहेबांनी सांगितलंय, बायांना उगाच घाबरवू नका. मला साहेबांची भीती वाटते. ठकूची वाटत नाही.

"मंग म्या काय म्हनले?" ठकू विचारते. आता ती रांगेतली नाही, पायथ्याशी बसलेली ठकू आहे.

"इचार करून सांगते, म्हणालीस."

"आन तुम्ही?"

"मी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला."

ओट्याखाली कांद्याचा वाफा आहे. ठकू वाकून कांदे उपटतेय आणि जिथं उभी राहते तिथली माती लाल होत जाते. मी तिच्यामागून चालते. माझ्या हातात रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पुडी.

"दोनदा आले मी तुमच्याकडं. अंगावरनं लई जातंय म्हनले."

"आलीस."

"आन तुम्ही?"

मी पुडी पुढं करते. तेव्हाही हेच केलं होतं. सुईनंतर चौथ्या महिन्यात ती गेली. सुईनंच गेली की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही, कारण कुणी तपासलंच नाही. रजिस्टरात मी अशक्तपणा असं लिहिलं. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

वाफा संपतो तिथं माझं स्वयंपाकघर. ओट्यावर मंदाचा कागद पसरलेला. ठकू त्याच्यावर वाकते.

"ही आडवी रेघ कसली? माज्या अंगठ्याला असली रेघ न्हवती."

नव्हतीच. रेघ माझ्या अंगठ्याला आहे. इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना कापला होता, खूण राहिली. संध्याकाळी जीप निघायला उभी होती आणि मोजले तर एक फॉर्म कोरा. ठकू तिकडं रानात. सुई तर दिलीच आहे, आता कागदापुरतं काय एवढं, असं म्हणून मी पाठ फिरवली आणि माझाच अंगठा टेकवला. पुढं त्याच अंगठ्यावरून तिची सासू तिला नावं ठेवत राहिली. मला ते ऐकू येत होतं. मी गप्प राहिले.

"ठकू, शिव्या तरी दे गं मला." मी रडते.

"शिव्या दिऊन काय व्हतंय, बाई? म्या हो म्हनले न्हवते. येवढं माज्या पोरीला सांगा."

ती माझा हात धरते. मी बायांचा धरायचे तसाच, घट्ट, न विचारता. अंगठा पॅडवर दाबते, मग माझ्याच डोक्यावर पुसते. अंगठा दिला की आमच्या बाया शाई अशीच केसांना पुसायच्या. मी दर वेळी ओरडायचे, अगं कापूस घ्या, कापूस. ठकू हसते. "ऱ्हाऊ द्या. केसाला लागली तर काय बिघडत न्हाई."

पंखा घरघरतोय. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढलाय. मी पलंगावर आहे, हातात मंदाचा कागद, चुरगळलेला. अंगठा बघते. स्वच्छ आहे. चला, स्वप्नच, असं म्हणत तोंड धुवायला उठते.

आरशात माझ्या पांढऱ्या भांगाशेजारी जांभळा फराटा आहे. ओला.

नोकरीतलं पॅड मी कपाटातून काढून बघते. ते कधीच वाळून खडखडीत झालंय. केस मात्र मी धूत नाही. फोन हातात घेते.

"मंदा, काल मी खोटं बोलले. तुझी आई हो म्हणाली नव्हती. तो अंगठा माझा आहे. ये, बघून जा."