सातव्या ग्रीनवरचा राब

आमच्या दाजींइतका गवताशी भांडलेला आणि दाजींइतकाच गवतावर जीव लावलेला दुसरा माणूस खालापूर तालुक्यात कोणी दाखवला, तर मी माझी स्कूटर त्याच्या नावावर करून द्यायला तयार आहे. वयाची पहिली पन्नास वर्षं त्यांनी भाताच्या खाचरांतून गवत उपटून बांधावर फेकलं आणि पुढची सात वर्षं त्याच खाचरांच्या जागी गवत लावून त्याला पाणी घातलं. पहिल्या पन्नासातली चार-पाच वर्षं रांगण्यात आणि गोट्या खेळण्यात गेली असं धरलं, तरी हिशेब मोठाच आहे. दोन्ही नोकऱ्यांत गवताला ते एकाच शब्दांत शिव्या देत. फरक आवाजात होता. पूर्वी त्या ओरडून दिल्या जात, नंतर मांडीवरच्या पोराला देतात तशा.

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने माझे साडू. पण ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते ज्या रिसॉर्टवर गवत राखायला होते त्याच्या फाटकावरून हिने एकदा ‘ओ दाजीऽऽ’ अशी हाक मारली तेव्हापासून सगळं रिसॉर्ट त्यांना दाजी म्हणू लागलं. मुंबईचे पाहुणेसुद्धा ‘मिस्टर दाजी’ म्हणत.

हे रिसॉर्ट दाजींच्या भावकीने विकलेल्या जमिनीवर उभं आहे. कुंभिवलीच्या बाजूने हायवे सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी एक कमान लागते. कमानीवर लिहिलंय, ‘अस्सल सागरी लिंक्स गोल्फ’. मी साजगावच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. तेव्हा पाटीवर ‘सागरी’ वाचल्यावर मला गप्प बसवेना. एका रविवारी मी कमानीपासून अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत स्कूटर नेली. मीटरवर चौसष्ट किलोमीटर भरले. परत येताना पासष्ट, कारण पेणला चहासाठी आत वळलो.

समुद्र नसला तरी त्याची बाकी सगळी सोय मालकांनी केली होती. पाण्याच्या टाकीला तांबडे-पांढरे पट्टे मारून दीपस्तंभ केला होता. त्याच्यावर फिरता दिवा होता आणि घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना ती पोलिसांची गाडी वाटे. हिरवळीवर एक खरी होडी आणून तिच्यात शेवंती लावली होती. वाळूच्या टेकड्या म्हणून खडीच्या क्रशरवरची चुरी आणून ओतली होती. ती दर पावसाळ्यात वाहत वाहत गाड्या लावायच्या जागी येऊन बसे आणि दर ऑक्टोबरात तिला पुन्हा टोपल्यांनी वर नेऊन टेकडी करावं लागे. झुडपांत लपवलेल्या स्पीकरांतून दिवसभर लाटांचा आवाज येई. लाइट गेली की समुद्र बंद पडे, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत ओहोटी चाले.

मॅनेजरसाहेब पांढरी कप्तानाची टोपी घालून सायकलवर फिरत. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला त्यांनी गावच्या सगळ्या माणसांना बसवून समजावून सांगितलं होतं, की लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळूची पट्टी. विलायतेत गोल्फ तिथेच सुरू झाला. दाजींनी हात वर केला.

“साहेब, समुद्र हितं नाय. शेतं हुती ती तुमी काढली. मंग ही मधली पट्टी कशाच्या मधली?”

“तो कॉन्सेप्ट आहे, दाजी,” मॅनेजर म्हणाले.

तो शब्द दाजींना फार पटला. जी वस्तू असायला हवी आणि नाही, तिला ते कॉन्सेप्ट म्हणू लागले. आमच्याकडे जेवायला आले की पहिल्या घासालाच म्हणत, “अगं, आमटीत मिठाचा कॉन्सेप्ट केलाय का आज?” आणि ही कपाळाला हात लावून मिठाची बरणी आणायला उठे.

कोर्सवर अठरा होल. प्रत्येकाला मालकांनी समुद्री नाव दिलं होतं. कोणी सीगल, कोणी लाइटहाउस, कोणी मरमेड. दाजींना त्यांतलं एकही नाव पाठ झालं नाही, आणि झालं असतं तरी त्यांनी ते तोंडातून काढलं नसतं. त्यांना तिथे खाचरं दिसत. वॉकीटॉकीवर ते सांगत, “चिंचवणीत पानी तुंबलंय, आनि कोंडीतला पाइप फुटलाय, येऊन बघा.” ऑफिसातली मंडळी महिनाभर नकाशात चिंचवण शोधत होती. शेवटी मीच एका रविवारी त्यांना दोन रकाने आखून दिले, डावीकडे मालकांचं नाव आणि उजवीकडे दाजींचं. वर्षभरात डावा रकाना कोणी बघेनासं झालं. मी स्वतः मॅनेजरना एका पाहुण्याला सांगताना ऐकलंय, “सर, युअर बॉल इज इन कोंडी.”

झेंड्याभोवतीचा जो बारीक गवताचा गालिचा असतो त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर पाऊल ठेवण्याआधी दाजी चपला काढत. एवढ्यावर ते थांबते तर ठीक होतं. एका मोठ्या कंपनीचे साहेब खिळ्यांचे बूट घालून ग्रीनवर चढले तेव्हा दाजी त्यांच्या बुटांकडे असे बघत राहिले, की त्या गृहस्थांनी पोट सांभाळत वाकून आधी बूट आणि मग मोजेही काढले. पुढचे तीन होल ते अनवाणीच खेळले आणि जाताना ‘अनोखा अनुभव’ असा शेरा लिहून गेले. खुद्द खेळाबद्दल मात्र दाजींचं मत कधी बदललं नाही. “चार तास उन्हात चालायचं आनि गोटी परत खिशात घालायची. मंग भाईर काढली कशाला?”

मातीतली ओल बघायला रिसॉर्टने एक यंत्र आणलं होतं. दाजी गवताची काडी तोडून चावत. नाश्त्याआधी चार ग्रीन चावून होत. “ह्याला आज पानी नको, ह्याला अर्धा तास, हा खोटं बोलतोय, ह्याला कायबी नको.” मला हा प्रकार तपासल्याशिवाय पटेना. मी रजेतले आणि सुटीतले मिळून अकरा दिवस सकाळी साडेसहाला जाऊन दोघांची नोंद घेतली. दहा दिवस दाजी आणि यंत्र जुळले. अकराव्या दिवशी यंत्राची बॅटरी उतरली होती.

मग गेल्या उन्हाळ्यात बातमी आली, की पावसाळ्यानंतर कोर्सची देखभाल एका बाहेरच्या एजन्सीकडे जाणार. यंत्रं त्यांची, माणसं त्यांची. जुन्यांपैकी पंचावन्नच्या आतले राहतील. ज्यांचं नाव यादीत नसेल त्यांचा पास बंद. दाजी त्या रात्री जेवायला आमच्याकडे होते. आमटी अळणी झाली होती, पण ते काही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“पगाराचं सोडा वो,” ते म्हणाले. “पोरगा कंपनीत हाय, दोन भाकऱ्या कुटं जात नायत. पन पास गेला तर मला आत कोन सोडंल? जलमल्यापासून एक दिवस त्या जमिनीवर पाय ठेवला नाय असं झालं नाय. फकस्त आजारपनातले धरू नका.”

मॅनेजरसाहेबांनी एक वाट काढून दिली. सातवं ग्रीन दोन वर्षं पिवळं पडलं होतं. पुण्याच्या गवताच्या डॉक्टरांनी तीन औषधं मारून हात टेकले होते. “दाजी, श्रावणात एजन्सीचे लोक पाहणीला येतील. तोवर सातवं उभं करून दाखवा. ही जमीन तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही असं मी लिहून देतो.”

सातवं ग्रीन जिथे आहे, तिथे दाजींच्या घरचा राब असे. भाताची रोपं करायची जागा. उन्हाळ्यात तिथे शेण, पालापाचोळा, टहाळ आणि गवत अंथरून, वर माती पसरून ते भाजायचं, मग पेरायचं, म्हणजे रोप तरारून येतं. आमच्याकडे ही गोष्ट कोणी शिकवत नाही आणि कोणी विसरत नाही. मॅनेजर चार दिवस मुंबईला गेले आणि दाजींनी सातव्या ग्रीनवर राब रचला. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला, म्हणजे हळू भाजतो. सहाव्या होलवर मुंबईचे पाहुणे खेळत होते. धुराकडे पाहून त्यांना वाटलं, सागरी होळी वगैरे काहीतरी ठेवलंय. त्यांनी जाळासमोर उभं राहून फोटो काढले. एका बाईंनी तर आत नारळ टाकायचा का, असंही विचारलं.

मॅनेजर आले तेव्हा ग्रीनच्या जागी राखेचं काळं वर्तुळ होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“दाजी, हे काय केलंत?”

“राब भाजला. बी टाकलंय. आता तुमी निस्तं बघत ऱ्हावा.”

जुलैच्या मध्यापर्यंत ते गवत असं काही आलं, की मी आयुष्यात तसा हिरवा रंग पाहिलेला नाही. दाट, मऊ, काळसर. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत बुडे. दाजी रोज संध्याकाळी तिथे बसत. पाहणीच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. “मापाची मानसं येनार हायेत, तुमी असा. त्यांनी एक बोट जरी कमी धरलं तरी तुमची टेप काढा.”

तिघे आले. त्यांनी एक लहानशी लोखंडी पन्हळ काढली. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो ग्रीनवर किती लांब जातो ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत. बाकीच्या ग्रीनवर चेंडू आठ-नऊ फूट गेला. सातव्यावर तो उतरला आणि तुपात पडल्यासारखा थांबला. दोन फूट सात इंच. पुन्हा सोडला. दोन फूट सहा. मी माझ्या टेपने मोजलं. माप बरोबर होतं. खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यांतला वडीलधारा माणूस सौम्यपणे म्हणाला, “काका, गवत सुंदर आहे. पण ग्रीनचं गवत असं नको असतं. विरळ, कडक, जमिनीला चिकटलेलं हवं. त्याला थोडं उपाशीच ठेवायचं असतं.”

दाजींना पहिल्यांदा ते कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“उपाशी ठेवायचं? मुद्दाम? मंग लावलं कशाला?”

तरी मॅनेजरनी शब्द टाकला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पावसाने उघडीप दिली होती. पाणी तोडायचं, खत बंद, रोज कातरायचं, चेंडू पळाला पाहिजे. दाजींनी सगळ्यांसमोर मान हलवली. पुढच्या रविवारी मी टेप घेऊन गेलो. चेंडू दोन फूट चार इंचांवर थांबला. पाहणीतल्या पहिल्या मापापेक्षा तीन इंच कमी. मी गुडघ्यावर बसून हात लावला, मुळं ओलीचिंब.

“दव पडतं,” दाजी आभाळाकडे बघत म्हणाले.

“दुपारी बारा वाजता?”

त्यांनी वाकून गवतावरून तळवा फिरवला. मग हळूच म्हणाले, “तान्हेलं दिसत हुतं वो. सांजचं एक डबडं घातलं असंल. जास्त नाय.”

पुढचा रविवारही तसाच गेला. यादीत दाजींचं नाव आलं नाही. पास जमा करताना त्यांनी तो सदऱ्याला पुसून दिला.

त्यानंतर ते हायवेला जायचे तरी लांबून, साजगावच्या बाजूने जायचे. कोणी विचारलं तर रस्ता चांगला आहे म्हणायचे. रस्ता चांगला नाही, मी रोज त्याच रस्त्याने जातो.

दिवाळीनंतर आमच्या कारखान्याचा वार्षिक समारंभ नेमका त्याच रिसॉर्टमध्ये ठेवला. प्रत्येकाला घरचं एक माणूस आणायची परवानगी होती. ही म्हणाली, “मला नाही यायचं, दाजींना न्या.” दाजींनी आधी नाही म्हटलं, मग इस्त्रीचा सदरा घातला. फाटकावर दाजींच्याच गावची, चार घरं पलीकडची बाई पहाऱ्याला होती. पाहुण्यांची वही तिच्याकडे. दाजींना वही पुढे करताना ती खाली बघत होती.

“भावजी, लिवावं लागतंय वो. नियम हाय.”

“मंग लिवतो की गं. तू कशाला तोंड पाडतीस?” म्हणून त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आत आल्याची वेळ लिहिली.

आत आम्ही सातव्यापर्यंत चालत गेलो. नवीन गवत लावलं होतं. विरळ, फिकट, दाढी केल्यासारखं. कोणीतरी चेंडू मारला तो सरळ झेंड्यापर्यंत गेला. दाजी कडेला उभे राहून बघत होते. “पळते गोटी,” ते म्हणाले. “बराबर केलंय त्यांनी.” आणि जेवायला चला म्हणाले.

पाच वाजता निघालो. दाजी पुढे स्कूटरपाशी गेले. मी वहीत माझी बाहेर जाण्याची वेळ लिहिली आणि सवयीने वरची ओळ पाहिली. दाजींचा शेवटचा रकाना रिकामा होता. मी त्यावर पेन टेकवलं, तशी त्या बाईने वही स्वतःकडे ओढली.

“ऱ्हाऊ द्या. त्यांचा टाइम मी नाय टाकत.”

“अहो, पण रात्री मोजणी कशी जुळणार? एक माणूस आतच राहिला असं दिसेल.”

“दिसू द्या की,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मी एकही रिकामी चौकट असलेला कागद पुढे जाऊ दिलेला नाही. मी पेनाला टोपण लावलं, तिला परत दिलं आणि स्कूटर सुरू केली.