अंग नव्हतं, गाठ होती
आमच्या नात्यात सगळे समजतात, की माझ्या बायकोचं अंग बाहेर आलं होतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकली होती. ते खरं नाही. आणि ते सगळ्यांना मीच सांगितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तिने मला चाचरत सांगितलं, की खाली काहीतरी हाताला लागतंय, लिंबाएवढं. गावी, घोटीला, माझ्या आईचं अंग बाहेर यायचं. लहानपणी बायकांच्या कुजबुजीत ऐकलेला तेवढा एक शब्द मला ठाऊक होता, तोच मी काढला. इंदिरानगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, तर उत्तर मीच दिलं. तपासायला नको, ती लाजते, असंही मीच म्हणालो. बाईंनी नाराजीनेच व्यायाम लिहून दिले, वजन उचलू नका म्हणाल्या आणि तपासायला परत या असं बजावलं. मी तिला परत नेलं नाही.

ती एकदा म्हणाली होती, "अहो, आडवी झाले तरी ते आत जात नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढच्या वर्षी नात झाली. मी बायकोला तिला उचलू दिलं नाही. पोर हात वर करून उभी राहायची आणि ही खाली बसून तिला जवळ घ्यायची. मला वाटायचं, मी हिला जपतोय.

यंदा लघवीला त्रास सुरू झाला, तेव्हा सून तिला घेऊन गेली. मला बाहेर बसवलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, सोनोग्राफी केली आणि मग मला आत बोलावलं. गर्भपिशवी जागेवर आहे, म्हणाल्या, योनीच्या भिंतीत पाण्याची साधी गाठ आहे, ती काढून टाकू.

मी विचारलं, "मग अंग कुठे गेलं?"

सून हसली, बायकोही हसली. मला खरंच समजत नव्हतं.

गाठ काढली. तपासणीतही साधीच निघाली. टाके भरून आल्यावर डॉक्टरांनी वजन उचलायची परवानगी दिली, तेव्हा बायको नातीसमोर वाकली. मी सवयीने तोंड उघडलं.

"आता तुम्ही मध्ये बोलू नका," ती म्हणाली.

पाच वर्षांची पोर तिला जेमतेम उचलवली. बायकोच्या गुडघ्याखाली लोंबणारे नातीचे पाय मी बघत राहिलो. माफी तेव्हाच मागायची होती का? पण बोलू नका असं तर तिनेच सांगितलं होतं.