तौनो ठिय्यावर बसतो

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या होंकावारात माणूस दुकानात शिरला की ‘हं’ म्हणतो, दुकानदारही ‘हं’ म्हणतो आणि दोघांनाही वाटतं, आज भरपूर गप्पा झाल्या. अशा गावात माझा नवरा तौनो जन्मला कसा, हे त्याच्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तौनो शाळेची गाडी चालवतो. आसपासच्या वाड्यांवरची मुलं गोळा करून मोठ्या गावातल्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. जाताना तो मुलांशी बोलतो, रिकामी गाडी घेऊन येताना गाडीशी बोलतो, आणि रस्त्यात रेनडिअर आडवं उभं राहिलं तर काच खाली करून त्याच्याशीही बोलतो. मला मागणी घातली तेव्हा त्याचं बोलणं इतकं लांबलं, की मी मध्येच हो म्हणून टाकलं. उरलेलं त्याने लग्नानंतर पूर्ण केलं.

ऑक्टोबरात आमच्याकडे मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाची, शिकार असते. गावाचं शिकार मंडळ आहे, त्यात जवळजवळ सगळीच घरं येतात, कारण हिवाळाभर फ्रीजरमध्ये मांस लागतं. निम्मे लोक रानाच्या कडेला ठरलेल्या जागी बंदूक घेऊन बसतात. त्या जागेला ठिय्या म्हणायचं. बाकीचे हाकारे. ते रानाच्या दुसऱ्या टोकाकडून ओळीने आवाज करत येतात आणि मूसना ठिय्यांकडे रेटतात. तौनो लग्नाआधीपासून हाकारा. त्याला एकदाच ठिय्यावर बसवलं होतं. मूस समोर आला तेव्हा तो एका खारीला आमच्या छपराच्या दुरुस्तीबद्दल सांगत होता. त्यानंतर मंडळाचा म्होरक्या ओइवा कार्प्पिनेन याने त्याचं नाव ठिय्यांच्या सोडतीत घातलंच नाही. तौनोलाही काही वाटलं नाही. दिवसभर रानातून ओरडत हिंडायचं, त्यावर कोणी रागवत नाही, वर सूप मिळतं. त्याच्या मते याहून सुखाची नोकरी नव्हती.

आमची हेल्का माझ्यावर गेली. मोजकं बोलते आणि बोलते तेव्हा टोचेल असं बोलते. चौदा पूर्ण झाली आणि तिने बंदुकीची परीक्षा पहिल्याच फेरीत पार केली. ओइवाने लक्ष्याचा कागद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “नेम बरा आहे.” ओइवाच्या तोंडी हे भाषण झालं.

पण त्या वयाच्या मुलीशेजारी परवाना असलेलं घरचं मोठं माणूस बसावं लागतं. मी बंदुकीला हात लावत नाही, मी मंडळाच्या झोपडीत सूप करते. म्हणजे राहिला तौनो.

“पोरीला ठिय्या देतो,” ओइवा बैठकीत म्हणाला. “पण तौनो, तिथून आवाज आला, तर पोरसुद्धा हाकाऱ्यांत. मोठी होईपर्यंत.”

“मी बोलणार नाही,” तौनो म्हणाला. “तुला सांगतो ओइवा, माणसाने मनावर घेतलं ना, तर बोलणं म्हणजे काय, एक सवयच आहे, माझे आजोबा तंबाखू सोडताना म्हणाले होते...”

“बाबा,” हेल्का म्हणाली.

“हां. हे शेवटचं.”

सगळा सप्टेंबर हेल्काने त्याची तालीम घेतली. संध्याकाळी दोघं घरामागच्या ओंडक्यावर जाऊन बसायचे, ती समोर बघत आणि तो तोंड मिटून. पहिल्या दिवशी चुलीवर ठेवलेले बटाटे उकडेपर्यंतही तो टिकला नाही. मग तिने युक्ती काढली. आमच्याकडे खारट काळ्या गोळ्या मिळतात, चिकट, दाताला धरून बसणाऱ्या. एक तोंडात ठेवली की बोलायला अवघड. दोन ठेवल्या की अशक्य. दोन गोळ्यांवर तौनो बटाटे, मासे आणि वर पावाची भट्टी होईपर्यंत गप्प बसला. मला इतकं चमत्कारिक वाटलं, की मी दोनदा बाहेर जाऊन बघून आले.

“आजारी पडला नाही ना?” मी विचारलं.

“जमतंय त्याला,” हेल्का म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. मुलगी बापाला शाळेत घालायला निघावी तसा.

शिकारीच्या पहिल्या शनिवारी दोघं नारिंगी टोप्या घालून ठिय्यावर गेले. जागा चांगली होती. समोर दलदलीचा मोकळा पट्टा, मध्ये एक जळका बुंधा, पलीकडे दाट देवदार. तौनोच्या गालात दोन काळ्या गोळ्या. पुढे काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून दोन्ही जोडून सांगते.

लांबून हाकाऱ्यांचे आवाज यायला लागले. मग देवदारांतून एक मादी बाहेर आली. उंच, काळपट, कान फिरवत. बुंध्याजवळ येऊन उभी राहिली, अगदी आडवी. हेल्काने बंदूक खांद्याला लावली.

आमच्याकडे एक गोष्ट पाळण्यातल्या मुलालाही माहीत असते. मादीबरोबर पाडस असेल तर मादीला हात लावायचा नाही. आई मेली की पाडस बर्फात उपाशी मरतं. कायद्यानेही मनाई आहे, आणि गावात तर त्या माणसाकडे वर्षभर कोणी कॉफीला जात नाही. टिपायचं तर पाडस टिपायचं, आणि ते नीट मोकळ्यावर आलं नाही तर दोघांनाही जाऊ द्यायचं.

तौनोला त्याच्या बाजूने देवदारांच्या फांदीखाली दोन लहान कान दिसले. त्याने हेल्काकडे पाहिलं. तिचा डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीला, बोट घोड्याजवळ, नळी मादीच्या दिशेला. तिला दिसलंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. बोललो तर पोरीचा ठिय्या गेला. नाही बोललो आणि तिने गोळी झाडली, तर पहिल्याच शिकारीला पोर आई मारून बसणार. त्याने तोंडातल्या गोळ्या गिळायचा प्रयत्न केला. त्या गिळल्या जात नाहीत.

“पाडश आहे,” तो म्हणाला.

आवाज त्याच्या मते कुजबुजीचा होता. तौनोची कुजबुज आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचते. मादीने मान वर केली आणि पाडसाला घेऊन उजवीकडे निघून गेली, थेट ओइवाच्या ठिय्यासमोर. तिथे पाडस पुढे झालं आणि ओइवाने ते टिपलं.

हेल्काने बंदुकीचा सुरक्षेचा खटका लावला, उठली आणि बापाकडे न बघता चालायला लागली.

मी झोपडीत सूप ढवळत होते, तेव्हा रेइनो हसतच आत आला. रेइनो आमचा शेजारी. त्याला दुसऱ्याची फजिती झाली की भूक जास्त लागते.

“माइरे, तुझ्या नवऱ्याने आज मूसला नावानिशी हाक मारली.”

“बस आणि खा,” मी म्हटलं.

पाडस लहान होतं, त्यामुळे वाटणी त्याच संध्याकाळी झाली. आमच्याकडे वाटणीची जुनी रीत आहे. फळीवर मांसाचे सारख्या वजनाचे ढीग मांडतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, “हा कोणाचा?” पाठमोऱ्या माणसाने एक नाव घ्यायचं. कोणता ढीग ते त्याला दिसत नाही, म्हणून भांडण होत नाही. त्या दिवशी सगळ्यांत लहान हेल्का, म्हणून तिला भिंतीकडे उभं केलं.

“हा कोणाचा?”

“ओइवाचा.”

“हा?”

“रेइनोचा.”

नावं होत गेली. म्हाताऱ्या विधवेचं झालं, आजारी पडलेल्याचं झालं. आमच्या घराचा वाटा तौनोच्या नावावर असतो. तो आपला टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटी फळीवर एकच ढीग उरला, मानेचा, हाडांचा. आणि नाव एकच उरलं होतं.

“आता हा कोणाचा, हे विचारायचं का?” रेइनो म्हणाला आणि सगळे हसले. हेल्का भिंतीकडेच बघत होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

ओइवाने हात पुसले. “तौनो. ठिय्यावर काय झालं?”

आता तौनो सुरू होणार हे सगळ्यांनी धरलं होतं, रेइनोने तर बाक पुढे ओढला. तौनोने तोंड उघडलं, भिंतीकडे उभ्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, “खोकला आला.”

“खोकला,” ओइवा म्हणाला. “माझ्या ठिय्यावर तो ‘पाडश आहे’ असा ऐकू आला.”

“जोराचा होता.”

एवढंच. त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते त्याने दिलं नाही. खरं ते सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बापाने बरं केलं, पोरीला पाडस दिसत नव्हतं. आणि पाडस न दिसणारी पोर, असंच तिचं नाव पडलं असतं.

“त्याला वाटलं मला पाडस दिसलं नाही,” हेल्का भिंतीला म्हणाली. “मला दिसलं होतं. ते बाहेर यायची मी वाट बघत होते.”

“नळी मादीवर होती?” ओइवाने विचारलं.

“तिच्या मागच्या फांदीवर. पाडस तिथूनच येणार होतं.”

ओइवाने पाइप काढला, भरला, पेटवला. त्याच्या विचाराला तेवढा वेळ लागतोच.

“पोर उद्या माझ्याशेजारी बसेल. घरचं माणूस नसलं तरी तुम्ही आईबापांनी हो म्हटलं की म्होरक्याही चालतो. त्याच ठिय्यावर. तौनो हाकाऱ्यांत.”

म्हणजे तिला पाहिजे होतं ते मिळालं, शिवाय शेजारी गावातला सगळ्यांत गप्प माणूस. तरी वळली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

घरी मी मानेचं मांस कांद्याबरोबर शिजत लावलं. दोघं टेबलाशी समोरासमोर बसले होते.

“तुला वाटलं मी मादीला मारणार,” हेल्का म्हणाली.

“वाटलं नाही. म्हणजे... माहीत नव्हतं.”

“तेच ते.”

“तेच,” तौनो म्हणाला. मग त्याने पावाला लोणी लावलं, पुसून काढलं आणि परत लावलं. “तू म्हणाली होतीस बोलायचं नाही. मी म्हटलं एकच शब्द. झाले दोन.”

“आणि तेही बोबडे,” मी म्हटलं.

हेल्काला हसू आलं, ते तिने बशीत लपवलं. “खोकला म्हणे. ओइवाला कोणी फसवू शकतं का, बाबा?”

“माझ्याजवळ दुसरं काही तयार नव्हतं.”

ती उठली, बशी धुतली. दारात थांबून म्हणाली, “उद्या जरा मोठ्याने बोल. ओइवाशेजारी नुसतं बसून मला झोप लागेल.”

रविवारी कडक थंडी पडली आणि वारा पार थांबला. अशा दिवशी आवाज तळ्यापलीकडे जातो. मी झोपडीबाहेर लाकडं फोडत होते आणि माझ्या नवऱ्याचा आवाज मला रानाच्या पोटातून स्पष्ट ऐकू येत होता. बाकीचे हाकारे ‘हो, हो’ करत होते. तौनो बोलत होता. त्याला समोर मूस दिसत होता असं नाही, चिखलात खुरांचे ताजे ठसे दिसले होते, तेवढं त्याला पुरलं.

“ऊठ बाबा, ऊठ, थंडीत बसून सांधे धरतात. असा डावीकडे कुठे निघालास? तिकडे रेइनो आहे, त्याचा नेम वाकडा, उगीच लंगडा करून ठेवेल तुला. सरळ जा. सरळ गेलास की जळका बुंधा लागतो. तिथे थांब जरा. आडवा थांब, तिला सोपं जाईल. माझी पोर आहे तिथे. ती घाई करत नाही. काल घाई मी केली, तिने नाही. हे तुला म्हणून सांगतो...”

रेइनो त्याच्या ठिय्यावर हे सगळं ऐकत होता. ओइवा ऐकत होता. हेल्काने नंतर सांगितलं, की ओइवाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचा पाइप हलत होता. “हसत होता?” मी विचारलं. “ओइवा?” ती म्हणाली. “माहीत नाही. पाइप हलत होता.”

मग एक गोळी वाजली. एकच. रानातला आवाज बंद झाला.

मी कुऱ्हाड टाकून गेले. दलदलीच्या कडेला जळक्या बुंध्याशी तरणा नर पडला होता, शिंगं अजून हातभरही फुटली नव्हती. ओइवाने देवदाराची डहाळी मोडली, हेल्काच्या टोपीत खोवली आणि तिचा हात हातात घेऊन हलवला. पहिल्या शिकारीला म्होरक्या असाच हात हलवतो.

हाकारे एकेक करून बाहेर आले. रेइनो तावातावाने चालत आला. “वाकडा नेम होय? कुठे आहे तो?”

तौनो सगळ्यांच्या शेवटी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी कुठेतरी फांदीला अडकून राहिलेली. रेइनोने काहीतरी म्हटलं, ते त्याने ऐकलंच नाही. त्याने नराकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं.

“आडवा उभा राहिला?” त्याने विचारलं.

“राहिला.”

“सांगितलं होतं मी त्याला.”

“ऐकलं मी,” हेल्का म्हणाली. “सगळं ऐकलं.”